आठ वाजायच्या आत

सुलभामावशी तळघराचा जिना चढून वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती आणि ती त्यांनी अंगापासून लांब धरली होती. आमच्याकडे गणपती बसले होते, दुपारी पंधरा-वीस माणसं जेवायला येणार होती, आणि मोदकांसाठी खोवलेला नारळ आणायला त्या खाली फ्रीझरकडे गेल्या होत्या. सुलभामावशी म्हणजे ॲन आर्बरमधल्या आम्हां नव्या मराठी कुटुंबांच्या वडीलधाऱ्या. फार पूर्वी डॉक्टर म्हणून अमेरिकेत आलेल्या, आता निवृत्त, कुणाच्याही ओट्याशी हक्कानं उभ्या राहणाऱ्या. सगळं आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली ती बाई त्या क्षणी शब्द शोधत होती. पिशवीत चिमणीपेक्षाही लहान असा एक पक्षी होता. पाय पोटाशी आखडलेले, डोळे मिटलेले, आणि सोबत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. "खाली अजून आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पुरणपोळ्यांच्या डब्याखाली. खूप आहेत."

मी तेव्हा सोळाव्या वर्षात होते. आमचं घर इतकं शाकाहारी, की शाळेतल्या मैत्रिणीनं आणलेला चिकनचा सँडविच मी तिला अंगणातच खाऊ दिला होता. त्या घराच्या फ्रीझरमध्ये मेलेले पक्षी. मला वाटलं मावशींना चष्म्याशिवाय नीट दिसलं नसेल. आई मात्र उकड मळायची थांबली, हात धुतले, पदराला पुसले आणि त्यांच्या हातातून ती पिशवी अलगद घेतली. ते म्युझियमचे आहेत, ती म्हणाली. तिथे ती व्हॉलंटिअर आहे हे सगळ्यांना माहीतच आहे, त्यांच्याकडे परवाना आहे, सोमवारी ती सगळे नेऊन देणार होती. बाबा खाली जाऊन आले. वर येऊन त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. "घरात देव बसलाय," एवढंच ते म्हणाले. आई म्हणाली, "प्रत्येकासोबत चिठ्ठी आहे. एकदा वाचून तर पहा." बाबांनी चिठ्ठी वाचली नाही. उद्यापासून या घरात मेलेलं काही येणार नाही, असं सांगून ते समईत तेल घालायला गेले. फ्रीझरमधला सगळा नारळ फेकला गेला. त्या दिवशी सुक्या खोबऱ्याचे तळणीचे मोदक झाले, आरती झाली, लोक जेवून गेले. मावशींनी कुणाला काही सांगितलं नाही, पण पानावर बसल्या तरी त्यांना घास गेला नाही.

आईबद्दल आधी सांगायला हवं. ती नागपूरची. तिथल्या चित्रकला महाविद्यालयात शिकलेली, आणि तिच्या हाताला अशी सवय की गप्पा मारतानाही ती वर्तमानपत्राच्या कडेवर समोरच्याचा कान काढून ठेवायची. मी नऊ वर्षांची असताना बाबांना इथे नोकरी लागली आणि आम्ही आलो. आई डिपेन्डन्ट व्हिसावर, म्हणजे तिला पगाराचं काम करायची मुभा नव्हती. पहिली दोन वर्षं तिनं खिडकीतून बर्फ पाहण्यात आणि नागपुरी सांबारवडीत भरायला लागेल एवढी कोथिंबीर कुठे मिळते ते शोधण्यात घालवली. मग एका थंडीत, निव्वळ ऊब मिळावी म्हणून, ती बसनं म्युझियममध्ये गेली. तिथे रूथ भेटली. रूथ पक्षी विभाग सांभाळायची, साठीची, माणसांशी कमी बोलणारी. तिच्या टेबलावर पोटात कापूस भरून ठेवलेले पक्षी ओळीनं मांडलेले होते. आई त्यांच्याकडे पाहत तासभर उभी राहिली म्हणे. त्यानंतर दर मंगळवारी ती जाऊ लागली आणि वर्षभरात स्वतः पक्षी तयार करू लागली. करंजीची कड दुमडणारी तिची बोटं पक्ष्याच्या पोटाला टाके घालायची, इतके बारीक की रूथ ते भिंगातून पाहायची. हे आई घरी सांगत नसे. मला एवढंच ठाऊक होतं की ती म्युझियममध्ये "मदत करते" आणि तळघरात, हवा कोरडी करणाऱ्या डीह्युमिडिफायरच्या घरघरीत बसून, काहीतरी रंगवते.

बाबा नाशिकचे. इमारतींच्या काचेच्या भिंती हा त्यांचा विषय. एका मोठ्या डिझाइन फर्ममध्ये ते इंजिनिअर होते आणि आम्ही आल्यावर वर्षभरातच त्यांना पहिली स्वतःची इमारत मिळाली. गावाबाहेर जंगलाला लागून औषधांच्या एका कंपनीचं संशोधन केंद्र, दोन इमारती आणि त्यांना जोडणारा दोन मजली काचेचा पूल. तो पूल बाबांचा. त्याचा सूर्यास्ताच्या वेळचा फोटो आमच्या दिवाणखान्यात लावलेला होता. काचेत पलीकडचं अख्खं रान आणि ढग उतरलेले, भिंत आहे हे कळतच नाही. पाहुणे त्या फोटोपुढे थांबायचे आणि बाबा, एरवी इतके अबोल, त्या काचेविषयी पाव तास बोलायचे. मला त्यांचा तो आवाज फार आवडायचा. शनिवार-रविवारची सकाळ ते फोनवर नाशिकच्या आजीसाठी राखून ठेवत. स्पीकर चालू, हातात चहा, आणि आजीच्या शेजारपाजारची खबर आमच्या स्वयंपाकघरात पसरलेली.

गणपती विसर्जनानंतरच्या शनिवारी मी आईला म्हटलं, मला दाखव. तिनं थोडा विचार केला. मला नुकतंच लर्नर्स परमिट मिळालं होतं आणि शेजारी मोठं माणूस बसवून गाडी चालवण्याचे तास भरायचे होते. बाबांना तिनं सांगितलं, अनूला ड्रायव्हिंगची प्रॅक्टिस देते, सकाळी रस्ते रिकामे असतात. ते फोनवर होते, त्यांनी हात हलवला. अजून उजाडायचं होतं. आई शेजारी बसून डावीकडे, उजवीकडे सांगत होती. गाव संपलं, झाडी सुरू झाली, आणि शेवटचं वळण घेतल्यावर समोर बाबांचा पूल उभा राहिला. मी गाडी रस्त्याच्या मधोमधच थांबवली. "चालव," आई म्हणाली, "मागून कोणी येऊन राहिलं." नागपूरची भाषा तिच्या तोंडी येई तेव्हा ती स्वतः घाबरलेली असे, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं.

पुलाच्या खाली, काचेच्या पायथ्याशी, फरसबंदीवर आणि ज्युनिपरच्या झुडपांत ते पडलेले होते. त्या दिवशी सहा. एक अजून कोमट होता. आईनं तो माझ्या तळहातावर ठेवला. मला वजन जाणवलंच नाही, म्हणून मी तो पुन्हा पुन्हा पाहत राहिले. रात्रभर प्रवास करून हे पहाटे खाली उतरतात, तिनं मला समजावलं, त्यांना काचेत जंगल दिसतं आणि ते जंगलात शिरायला जातात. तिनं हे शिकवल्याच्या सुरात सांगितलं, पण पिशवीत घालायच्या चिठ्ठीवर दिवस आणि जागा लिहिताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. तिथला सफाईचा माणूस, अर्ल, लांब दांड्याचा झाडू घेऊन थोड्या अंतरावर उभा होता. उंच, वाकलेला, कानांवर लोकरीची टोपी. त्याच्याकडे एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. आई पोचायच्या आधी त्याला जे सापडे ते तो कचऱ्यात न टाकता त्या खोक्यात ठेवायचा. आईला तो "म्युझियमची बाई" म्हणून ओळखायचा. आपण कोणाची बायको आहोत हे आईनं त्याला सांगितलं नव्हतं. "लवकर आवरा, मॅडम," तो म्हणाला. "आठ वाजायच्या आत मला सगळं साफ करावं लागतं."

परतताना मी विचारलं, बाबांना ठाऊक आहे का? आई म्हणाली, नाही. तिनं दोन-तीनदा विषय काढायचा प्रयत्न केला होता, पण पक्षी म्हटलं की ते उठून जायचे. त्यांची पहिली इमारत आहे, ती म्हणाली, तोंडानं सांगितलं तर भांडण होईल, आणि भांडणात खरं काय ते बाजूलाच राहतं. मी तिला वचन दिलं की मीही काही बोलणार नाही. बाबांना कळलं तर ते कोसळतील अशी माझी खात्री होती. दिवाणखान्यात कोणी त्या फोटोपुढे उभं राहिलं की मी पाणी आणायला आत जायची. आता वाटतं, त्या वयात मी आईपेक्षा बाबांनाच जास्त जपत होते.

त्या सप्टेंबरच्या शेवटी एका रविवारी दाट धुकं होतं आणि पाऊस भुरभुरत होता. इमारतीतले सगळे दिवे रात्रभर चालू राहिलेले असावेत, कारण लांबूनच धुक्यात एक पिवळा गोळा दिसत होता. आम्ही पोचलो तेव्हा पक्षी अजून आदळतच होते. तो आवाज मला आजही लिहून दाखवता येत नाही. कोणी ओल्या बोटानं दारावर एकदाच टकटक करावं, इतका साधा. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा. पायाखाली सगळीकडे थ्रश, किंगलेट, एक हमिंगबर्ड, पानांसारखे पसरलेले. मी पन्नासापर्यंत मोजलं आणि मग मोजायचं सोडलं. अर्लनं झाडू भिंतीला टेकवला होता आणि तो दोन्ही हात वर करून काचेसमोर हलवत होता, येणाऱ्यांना परतवायला. त्याचा काही उपयोग होत नव्हता. मीही तेच करू लागले. आई मात्र गुडघ्यांवर बसून एकेक उचलत होती. एका झुडपाखाली हात घालून तिनं एक पक्षी बाहेर काढला, आणि ती तशीच ओल्या फरशीवर मांडी घालून बसली. निळसर राखाडी पाठ, लिंबाच्या सालीसारखी पिवळी छाती, कडेला काळ्या रेघा. मला त्यात वेगळं काही दिसलं नाही. आईनं त्याच्या छातीवरचं पाणी अंगठ्यानं पुसलं. मग म्हणाली, "अनू, हा जॅक पाइनचा आहे."

जॅक पाइन वॉर्बलर हे नाव आमच्या मिशिगनमध्ये शाळेतल्या मुलांनाही माहीत असायचं. उत्तरेकडच्या कोवळ्या जॅक पाइन झाडांच्या खाली, जमिनीवर, तो घरटं करतो. झाडं थोडी मोठी झाली की त्याला ती चालत नाहीत. जगात तो फार थोडा उरला होता, आणि त्याच्यासाठी माणसं मुद्दाम झाडं लावत होती, जंगलाचे पट्टे राखत होती. आई ज्या प्रदर्शनासाठी हिवाळाभर चित्रं काढणार होती ते प्रदर्शनही याच पक्ष्याच्या नावानं भरायचं. दर मे महिन्यात एका जुन्या टाउन हॉलमध्ये राज्यभरातल्या चित्रकारांची वन्यजीवांची चित्रं लावत, आणि त्यांच्या विक्रीतून नवी झाडं लावली जात. त्याच दिवशी आम्ही रूथच्या घरी गेलो. तिनं दार उघडलं, पिशवी उजेडात धरली, आणि आम्हांला बसा म्हणायचंही विसरून गेली. नंतर तिनं वन्यजीव खात्याला कळवलं, कागद झाले, कंपनीकडे विचारणा गेली, आणि दखल घेतली आहे अशा अर्थाचं एका परिच्छेदाचं उत्तर आलं.

तो हिवाळा आई तळघरात राहिली असंच म्हणायला हवं. रूथनं तिला म्युझियममधून पक्षी घरी नेता येणार नाहीत म्हणून तिथलंच एक टेबल दिलं होतं. तिथे ती रेखाटनं करायची आणि घरी येऊन जलरंगात उतरवायची. बाबा कधी खाली आले नाहीत. जेवायला वर आली की तिच्या नखांत निळा नाही तर पिवळा रंग असायचा. आम्ही गोळाभात खायचो, बाबा ग्रीन कार्डाच्या कागदांचं कुठवर आलं ते सांगायचे, फर्मनं अर्ज भरला होता आणि सगळं त्यावर अडलेलं होतं. आई हो-हो म्हणायची. प्रदर्शनाचं आमंत्रण छापून आलं तेव्हा तिनं ते फ्रीजवर लावलं आणि बाबांना म्हणाली की या वेळी तुम्ही यायचं. बाबा खूश झाले. त्यांनी नवा कोट आणला. त्यांना वाटलं, बायकोची चित्रं पहिल्यांदा भिंतीवर लागणार आहेत. ते खरंच होतं.

हॉलमध्ये शिरताना वाटेत लांडगे होते, बर्फातली घुबडं, पाण्यातून उठणारं मूस हरीण, एका भिंतीवर तीन वाघ. लोक हातात प्लॅस्टिकचे ग्लास घेऊन हसत-बोलत फिरत होते. आईची भिंत शेवटी होती, आणि तिथे पोचलं की लोकांचं बोलणं बंद व्हायचं. तिथले सगळे पक्षी मेलेले होते. प्रत्येक चित्र पक्ष्याच्या खऱ्या मापाचं, पांढऱ्या कागदावर तो एकटा, पाठीवर पडलेला, मान कलती, पाय मिटलेले. कुठे रक्त नाही, काही नाही. मधोमध एका लांब कागदावर त्या धुक्याच्या सकाळचे सगळे पक्षी ओळींनी मांडलेले, आणि अगदी टोकाला तो पिवळा. चित्रांना नावं नव्हती. खाली आईच्या अक्षरात पक्ष्याची जात, दिवस आणि जागा. प्रत्येक चित्राखाली एकच पत्ता होता, बाबांच्या पुलाचा. मला ती चित्रं माहीत होती, खाली पत्ता येणार हे माहीत नव्हतं. माझे कान तापले. मी बाबांकडे पाहिलं. ते पहिलं चित्र वाचत होते, मग दुसरं, मग तिसरं, बाजूला सरकत, हात पाठीमागे बांधून. आई त्यांच्या शेजारी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती वाट पाहत होती. सुलभामावशी आल्या होत्या, त्यांनी माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात अर्ल आला. आईनंच त्याला बोलावलं होतं. तो जुन्या पद्धतीच्या तपकिरी सुटात होता, टोपी हातात. त्यानं ती लांब ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि डोळे पुसले. मग त्याचं लक्ष बाबांकडे गेलं आणि त्याचा चेहरा उजळला. इमारत बांधली जात होती तेव्हा बाबा हेल्मेट घालून रोज तिथे असायचे, त्याला ते चांगले आठवत होते. त्यानं पुढे होऊन बाबांचा हात हातात घेतला. "सर, तुम्ही पण आलात, बरं वाटलं," तो म्हणाला. "तुमची नोट अजून माझ्या लॉकरवर आहे. रोज आठ वाजायच्या आत सगळे पक्षी उचलायचे, लोक यायच्या आधी. चार वर्षं झाली, एक दिवस चुकवला नाही." त्यानं हे अभिमानानं सांगितलं. मग आईकडे वळून म्हणाला, "ह्यांनीच लावून दिलं होतं हे काम. तुम्ही ओळखता यांना?"

आई म्हणाली, "माझे मिस्टर आहेत."

ते तिनं मराठीतच म्हटलं. अर्लला काही कळलं नाही, तो हसतच राहिला, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू गेलं. मला आठवतं ते असं की हॉलमधला आवाज चालूच होता, कोणीतरी वाघाच्या चित्रासाठी बोली वाढवत होतं, आणि आम्ही पाच माणसं एका भिंतीसमोर जिथल्या तिथे उभी होतो. बाबांना माहीत होतं. पहिल्या वर्षापासून माहीत होतं. मी ज्या माणसाला सांभाळण्यासाठी इतके महिने तोंड मिटून होते, त्यानंच झाडू फिरवायची वेळ ठरवून दिली होती. मला रडू आलं नाही, राग आला नाही. मी फक्त मावशींच्या खांद्यावर भार टाकून उभी होते. बाबांनी अर्लचा हात सोडला. "थँक यू, अर्ल," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन गाडीत बसले. आई प्रदर्शन संपेपर्यंत जागची हलली नाही. तो पिवळा पक्षी लांब चित्राशिवाय वेगळाही काढलेला होता, तो एका म्हाताऱ्या बाईनं घेतला. किती शांत झोपलाय, ती म्हणाली. आईनं तिला खालची ओळ बोटानं दाखवली, तरी तिनं घेतला.

घरी आल्यावर आईनं खिचडी टाकली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, पानं वाढली. मग बाबा बोलले, पानाकडे बघत. काचेवर बारीक ठिपक्यांच्या ओळी असल्या की पक्ष्यांना भिंत दिसते, हे त्यांना डिझाइनच्या वेळीच ठाऊक होतं. त्यांनी तसं ड्रॉइंग केलंही होतं. एका मीटिंगमध्ये ते दाखवलं, कंपनीला बाहेरचा देखावा बिघडवायचा नव्हता, त्यांच्या साहेबांनी ते काढून टाका म्हटलं, आणि त्यांनी काढलं. ग्रीन कार्डाचा अर्ज त्याच महिन्यात जायचा होता. मग पहिल्याच पानगळीत दारापुढे पक्षी दिसतात अशी कामगारांची तक्रार आली. "मला उपाय विचारला," बाबा म्हणाले. "मी उपाय दिला." त्या पिवळ्या पक्ष्याबद्दलचं पत्रही कंपनीनं त्यांच्याकडेच पाठवलं होतं. तो एका परिच्छेदाचा मजकूर त्यांचाच होता.

आई बराच वेळ खिचडीवरचं तूप चमच्यानं पसरवत राहिली. "मला वाटायचं," ती म्हणाली, "तुम्ही चिठ्ठ्या वाचत नाही कारण तुम्हाला किळस येते. तुम्हाला वाचायची गरजच नव्हती."

मी उठून ताट सिंकमध्ये ठेवलं. बाबांचा आवाज, तो फोटोपुढचा, मला त्या दिवसानंतर कधी पूर्वीसारखा ऐकू आला नाही. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही. आता सांगायला ते नाहीत.

दुसऱ्या दिवशी रूथचा फोन आला. अर्ल काय म्हणाला ते तिच्या कानावर गेलं होतं. तिच्या ओळखीची एक वार्ताहर प्रदर्शनावर लिहिणार होती, आणि रूथला आईची परवानगी हवी होती. आई फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत ऐकत होती. शेवटी ती म्हणाली की पत्ता भिंतीवर आहे, तो कोणीही वाचावा, पुढचं ज्यानं केलं त्यानंच सांगावं. फोन ठेवून तिनं बाबांच्या दिशेनं बघितलंही नाही. त्यानंतरचे दहा-बारा दिवस आमच्या घरात फक्त भांड्यांचे आवाज होते. रविवारी आजीचा फोन लागला तेव्हा बाबांनी स्पीकर बंद करून, पाठ फिरवून, दोन मिनिटांत ठेवून दिला.

मग एका सकाळी ते कंपनीला लिहिलेलं पत्र घेऊन स्वयंपाकघरात आले आणि आईपुढे ठेवलं. त्यात त्यांनी लिहिलं होतं की ठिपक्यांच्या काचेचं ड्रॉइंग अस्तित्वात आहे, पक्षी मरतील हे आपल्याला माहीत होतं, आणि ते उचलून टाकायची सूचना आपली होती, सफाई कर्मचाऱ्यांचा त्यात काही दोष नाही. खाली सही, आणि प्रत म्युझियमला. आईनं ते दोनदा वाचलं. एका ठिकाणी "वुई" लिहिलं होतं. तिनं पेन घेतलं, ते खोडलं आणि "आय" केलं. बाबांनी ते पुन्हा टाइप करून पाठवलं.

पुढे जे झालं ते आमच्या माणसांना दुर्दैव वाटलं. फर्ममधलं कोणी बाबांना रागावलं वगैरे नाही. आधी त्यांच्याकडचा नवा प्रोजेक्ट दुसऱ्याला गेला, मग काही महिन्यांनी जागा कमी करताना त्यांची जागा गेली. ग्रीन कार्डाची रांग पहिल्यापासून सुरू झाली. सुलभामावशी रोज डबा घेऊन यायच्या आणि बाबांना म्हणायच्या की तुम्ही बरोबर केलंत, पण त्यांच्याही आवाजात धसका असायचा. अर्लला काही झालं नाही. तो त्या शिशिरात निवृत्त झाला आणि त्यानं आईला आपलं पुठ्ठ्याचं खोकं धुवून, पुसून दिलं. काचेवर ठिपक्यांची फिल्म लागायला आणखी दोन वर्षं गेली. रूथनं पत्रात कळवलं की आता पुष्कळ कमी पडतात. अगदी पडत नाहीत असं नाही.

बाबांना नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला, नवी नोकरी मिळाली आणि आम्हांला तिथे घर शोधायचं होतं. तोवर आई बाबांशी बोलायला लागली होती, पण कामापुरतं: डॉक्टरची वेळ, गॅसचं बिल, अनूचं कॉलेज. घरं दाखवणारी एक हसरी बाई आम्हांला दिवसभर फिरवत होती. संध्याकाळी शेवटचं घर पाहिलं. मागच्या बाजूला अख्खी भिंत काचेची, बाहेर उंच पाइनची झाडं, आत उजेडच उजेड. या खोलीत तुमचा स्टुडिओ होईल, ती बाई आईला म्हणाली. आई खोलीच्या मध्यावर उभी राहिली, आणि मला दिसलं की तिला ती खोली किती हवी आहे. बाबा आत आलेच नव्हते. ते बाहेर गवतात, झाडांच्या रांगेपाशी जाऊन घराच्या काचेकडे तोंड करून उभे होते, बराच वेळ. बाईनं विचारलं, काही अडचण आहे का? आई बाहेर गेली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. मी दारात होते, मला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"झाडं दिसतात," बाबा म्हणाले.

"हो," आई म्हणाली. "आभाळही."

ते घर आम्ही घेतलं नाही. दोन गल्ल्या सोडून एक लहान खिडक्यांचं घेतलं. तिथल्या मागच्या खोलीत आईनं पुढची सगळी वर्षं भर दुपारीही दिवा लावून चित्रं काढली.